पिकअपची नवी पिढी : गाडी बदलावी की ठेवावी?

आमच्या कार्यशाळेत पिकअप गाड्यांची देखभाल, दुरुस्ती आणि हौद्यावरचे जोडकाम केले जाते. गाड्यांची विक्री आम्ही करीत नाही. तरीही एखाद्या मॉडेलची नवी पिढी बाजारात आली की, सर्व्हिसिंगला आलेले ग्राहक एकच प्रश्न विचारतात : आता ही काढून ती घ्यावी का? बिल करता करता या प्रश्नाचे धड उत्तर देता येत नाही, म्हणून हे माहितीपत्रक काढले आहे. यातला आमचा स्वार्थ आधीच सांगून टाकतो. जुनी गाडी राहिली तर तिची दुरुस्ती आमच्याकडे येते, आणि नवी घेतली तर तिच्या हौद्याचे जोडकाम आमच्याकडे येते. त्यामुळे आपण कोणताही निर्णय घेतलात तरी आमचे काम चालूच राहते.

नवी गाडी जुनीपेक्षा चांगली आहे का, या प्रश्नात फारसे काही नाही, कारण बहुतेक बाबतींत ती चांगलीच असते. आपल्या रोजच्या कामात आज नेमके काय अडते आहे आणि जे अडते ते नव्या गाडीने सुटणार आहे का, हे मात्र प्रत्येकाने स्वतःच्या वापराकडे बघूनच ठरवावे लागते.

नवी पिढी आणि नुसता नवा चेहरा

जाळी बदलली, दिवे बदलले, आत मोठा पडदा आला, म्हणजे पिढी बदलली असे होत नाही. चासी (गाडीचा खालचा पोलादी सांगाडा), केबिनचा सांगाडा आणि सस्पेन्शनची (चाकांवरच्या स्प्रिंगांची) मांडणी नव्याने केली असेल तर ती नवी पिढी. पिकअपमध्ये असा बदल साधारण सात ते दहा वर्षांनी होतो, आणि मधल्या काळात होतात ते वरवरचे फेरफार. मात्र वरवरचे म्हणून ते किरकोळच असतात, असेही समजू नये. टोयोटा हायलक्सची आठवी पिढी २०१५ मध्ये आली आणि २०२० मध्ये, पिढी तीच असताना, तिच्या २.८ लिटर डिझेल इंजिनाची ताकद १३० किलोवॅटवरून १५० किलोवॅटवर गेली. उलट, २०२२ ची फोर्ड रेंजर नवी पिढी म्हणून आली, तरी तिचा पाया २०११ पासून चालत आलेल्या चासीचाच, सुधारून घेतलेला आहे. म्हणून नावापुढच्या ‘नवी’ या शब्दापेक्षा चासी, इंजिन आणि गिअरबॉक्स या तिन्हींत प्रत्यक्ष काय बदलले, ते विचारावे.

वजनाचा हिशेब

या बाबतीत सर्वाधिक गैरसमज आहेत, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहीत आहोत.

माहितीपुस्तिकेत ट्रेलर ओढण्याची क्षमता मोठ्या अक्षरांत छापलेली असते आणि ती दर नव्या पिढीत बहुधा वाढलेली दिसते. परंतु गाडीला एकाच वेळी तीन मर्यादा लागू असतात : गाडीचे स्वतःचे भरलेले एकूण वजन, ट्रेलरचे वजन, आणि गाडी व ट्रेलर मिळून होणारे वजन. उदाहरणादाखल अशी एक गाडी घेऊ, जिचे रिकामे वजन २,०८० किलो, भरलेल्या वजनाची मर्यादा ३,०५० किलो, ट्रेलरची मर्यादा ३,५०० किलो आणि दोन्ही मिळून मर्यादा ५,८५० किलो आहे. कागदावर ती ९७० किलो माल वाहते आणि साडेतीन टन ओढतेही. पण साडेतीन टनांचा ट्रेलर खरोखरच जोडला, तर ५,८५० मधून ३,५०० वजा जाता गाडीच्या वाट्याला २,३५० किलो राहतात, आणि त्यातून तिचे स्वतःचे वजन काढले की माणसे व माल मिळून उरतात अवघे २७० किलो. पंचाहत्तर किलोची चार माणसे आत बसली की, हौद्यात एक पाना ठेवण्याआधीच मर्यादा ओलांडलेली असते.

ट्रेलर नसला तरी हिशेब सुटत नाही. हौद्यावरची कॅनपी (बंद छत), पुढचा लोखंडी गार्ड, मागचा हूक, हत्यारांची पेटी आणि जादा बॅटरी यांचे वजन दीडशे-दोनशे किलो सहज भरते, आणि ते सगळे मालाच्या वाट्यातूनच कापले जाते. शिवाय हौद्याचे आकारमान आणि गाडीची वहनक्षमता यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल हौद्यात कोरडी वाळू काठोकाठ भरली, तरी ती दीड टनाच्या वर जाते. ओली असेल तर त्याहूनही पुढे. मागचा फाळका लागला म्हणजे माल मावला, आणि मावला म्हणजे चालतो, हा हिशेब पाटे (मागच्या चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) तुटल्यावर चुकीचा ठरतो.

नव्या पिढीत केबिन मोठी होते, सुरक्षेची साधने वाढतात, आवाज अडवणारे साहित्य वाढते, आणि या सर्वांबरोबर गाडीचे रिकामे वजनही वाढू शकते. त्यामुळे नव्या मॉडेलची प्रत्यक्ष मालवहनक्षमता जुन्यापेक्षा कमी भरणे अशक्य नाही. म्हणून दोन्ही गाड्यांचे आकडे त्याच प्रकाराचे, म्हणजे तीच केबिन, तेच इंजिन, तीच चाके असलेल्या गाड्यांचे, शेजारी ठेवून वाचावेत. आमच्या सांगण्यावरून एका ग्राहकाने जुनी गाडी नेहमीच्या सामानासह वजनकाट्यावर नेली आणि परत आल्यावर प्रथम हत्यारांची पेटी अर्धी केली. गाडी बदलण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

इंजिन, पाटे आणि पत्रा

अलीकडच्या पिढ्यांमध्ये मोठे इंजिन काढून लहान टर्बो इंजिन बसवण्याकडे कल आहे. टोयोटा टुंड्रामध्ये २०२२ च्या मॉडेलपासून ५.७ लिटरचे व्ही-८ इंजिन गेले आणि दोन टर्बोंचे व्ही-६ आले. ताकद ३८१ वरून ३८९ अश्वशक्ती, म्हणजे जवळपास तितकीच राहिली, पण टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, सुमारे ५४४ वरून ६४९ न्यूटन मीटरवर गेला. ही ओढ इंजिनाच्या कमी फेऱ्यांतच मिळत असल्याने भरलेल्या गाडीने घाट चढताना हा फरक पायाला लगेच जाणवतो. त्याची दुसरी बाजू अशी की, टर्बो, इंटरकूलर, त्यांचे पाइप आणि त्यांना थंड ठेवणारी व्यवस्था हे सगळे वाढते, आणि ऑइल बदलण्यातली चालढकल अशा इंजिनाला जुन्याइतकी मानवत नाही.

डिझेल गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर ठरावीक काळाने स्वतःच तापून ती काजळी जाळतो. त्यासाठी त्याच्या आतले तापमान साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जावे लागते आणि गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. ज्यांची गाडी दिवसभर दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारते आणि मधल्या वेळात उभी राहते, त्यांच्या गाडीत हे ज्वलन अर्धवट राहते, फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. हा गाडीतला बिघाड नव्हे. वापर आणि गाडी यांचा मेळ बसलेला नसतो. युरियाच्या द्रावणावर चालणारी धूर-शुद्धीकरण व्यवस्था असल्यास ती टाकीही भरत राहावी लागते, कारण ती पूर्ण रिकामी झाली तर अशा बहुतेक गाड्यांचे बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होत नाही. आपल्या जुन्या गाडीत यांपैकी काहीच नसेल, तर नव्या गाडीबरोबर ही नवी सवयही घ्यावी लागेल.

मागच्या सस्पेन्शनमध्येही बदल होत आहेत. टोयोटा टॅकोमाच्या २०२४ च्या पिढीत बहुतेक प्रकारांमध्ये मागचे पाटे जाऊन कॉइल स्प्रिंगा आल्या, आणि मागच्या ड्रम ब्रेकच्या जागी डिस्क ब्रेक आले. रिकामी पिकअप खडबडीत रस्त्यावर मागून उडते, ही जुनी तक्रार कॉइलमुळे बरीच कमी होते. पाटे मात्र वजन चासीवर दोन ठिकाणी वाटून देतात, चाकांचा धुराही (ॲक्सलही) जागेवर धरतात आणि एखादा तुटला तरी गाडी बहुधा घरापर्यंत आणता येते. ज्यांची गाडी सहा दिवस भरलेली असते, त्यांना आमचा कल पाट्यांकडे असल्याचे आम्ही मोकळेपणाने सांगतो. ज्यांची पाच दिवस रिकामी आणि घरच्या माणसांना घेऊन फिरते, त्यांनी कॉइलची गाडी एकदा चालवून पाहावी.

पत्र्याचा विषयही लक्षात घ्यावा. फोर्डने एफ-१५० या गाडीची केबिन आणि हौदा २०१५ च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला, चासी पोलादीच ठेवली आणि गाडीचे वजन सुमारे ३०० किलोपर्यंत उतरवले. असा पत्रा लोखंडासारखा तांबूस गंजत नाही, हे खरे. पण त्याचे डेंटिंग वेगळ्या हत्यारांनी आणि वेगळ्या जागेत करावे लागते, कारण लोखंडाचा कीस त्यावर राहिला आणि ओल लागली की तेथूनच पत्रा झिजू लागतो. त्यामुळे असे काम कोणती कार्यशाळा करते, हे गाडी ठोकल्यावर नव्हे, घेण्याआधी विचारावे. समोरच्या काचेमागे कॅमेरा असलेल्या गाड्यांचेही तसेच आहे. काच बदलली की कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, आणि काच बसवणाऱ्या प्रत्येकाकडे त्याची सोय नसते.

जुने जोडकाम नव्या गाडीला बसत नाही

हौद्याची लांबी-रुंदी, कडेचा आकार आणि चासीवरची भोके पिढीगणिक बदलतात. कॅनपी, हौद्याचे अस्तर, हूक, वरचे रॅक यांपैकी फारच थोडे नव्या गाडीवर जसेच्या तसे चढते, आणि चढवले तरी कुठेतरी फट राहून पाणी आत येते. या जोडकामाचा खर्च ग्राहक सहसा धरतच नाहीत. हेच बदल कधी फायद्याचेही ठरतात : २०२२ च्या रेंजरमध्ये डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर ५० मिलिमीटरने वाढल्यामुळे मागच्या चाकांच्या कमानींमध्ये पूर्ण आकाराचे पॅलेट (माल रचण्याचा सपाट पाट) सपाट बसू लागले. ज्यांचा माल पॅलेटवरच येतो, त्यांना या एका कारणासाठी गाडी बदलणे परवडू शकते.

आपल्या जुन्या गाडीची परीक्षा

निर्णय बहुतेक वेळा इंजिनावर नव्हे, चासीवर ठरतो. इंजिन उघडून पुन्हा बांधता येते, गिअरबॉक्स बदलता येतो, क्लचप्लेट ही तर झिजायचीच वस्तू आहे. चासी सडली असेल तर मात्र आम्ही दुरुस्तीचा आग्रह धरीत नाही. ती पाहण्याची आमची पद्धत साधी आहे. गाडी वर घेऊन मागच्या धुऱ्याच्या वरचा वाकलेला भाग, पाट्यांच्या मागच्या टोकाची खुंटी आणि आडव्या पट्ट्यांचे जोड, जिथे चिखल साचून ओल टिकते, तेथे लहान हातोडीने ठोके मारीत जातो. धातू शाबूत असेल तर आवाज खणखणीत येतो. आतून पोखरला असेल तर तो बसका, कुजका येतो आणि खपली गळून पडते. वरून मारलेला काळा रंग डोळ्यांना फसवतो, कानाला फसवीत नाही. हा आवाज ग्राहकाने स्वतः उभे राहून ऐकावा, असा आमचा आग्रह असतो.

चासी खणखणीत असेल, तर पुढचा प्रश्न खोळंब्याचा. गेल्या बारा महिन्यांत गाडी ऐन कामाच्या दिवशी किती वेळा उभी राहिली आणि त्यापायी किती फेऱ्या बुडाल्या, हे लिहून काढावे. ठरलेल्या सर्व्हिसिंगचे दिवस यात धरू नयेत, कारण ते नव्या गाडीलाही चुकत नाहीत. काहींची यादी दोन ओळींत संपते आणि त्यांचे त्यांनाच आश्चर्य वाटते. ज्यांची संपत नाही, त्यांनी एकच भाग पुन्हा पुन्हा गेला की दर वेळी वेगळा, हे पाहावे. एकच जात असेल तर मूळ कारण शोधून ते काढता येते. दर वेळी वेगळा जात असेल तर गाडी थकली आहे.

घ्यायचीच असेल तर केव्हा

नव्या पिढीच्या पहिल्या वर्षातली गाडी घेण्याची घाई करू नये, असे आमचे मत आहे. नावाजलेल्या कंपन्यांनाही पहिल्या खेपेतल्या चुका चुकलेल्या नाहीत : टोयोटाने २०२४ मध्ये, इंजिनात राहिलेल्या कातकामाच्या किसामुळे, २०२२ आणि २०२३ मॉडेलच्या टुंड्रासह सुमारे एक लाख गाड्या अमेरिकेत परत बोलावल्या. दोन वर्षे थांबले की असे दोष उघड होतात, सुटे भाग मिळू लागतात आणि आमच्यासारख्यांचा हातही त्या गाडीवर बसतो. जाणाऱ्या पिढीच्या शेवटच्या वर्षातली गाडी हाही चांगला पर्याय असतो. तिचे गुणदोष सगळ्यांना ठाऊक असतात आणि बऱ्याचदा जुने जोडकाम तिच्यावर चढते. तिची पुढची विक्रीची किंमत मात्र लवकर उतरते, हे धरून चालावे.

चालवून पाहताना रिकामी गाडी चालवू नये. विक्रेत्याने परवानगी दिली तर आपला नेहमीचा माल भरून, आपल्या नेहमीच्या चढावर न्यावी. फाळका उघडून हौद्याच्या काठाची जमिनीपासूनची उंची मोजावी आणि जुन्या गाडीच्या उंचीशी ताडून पाहावी, कारण दिवसातून चाळीस वेळा गोणी उचलणाऱ्याला चार बोटांचा फरकही संध्याकाळी कमरेत कळतो. गाडी उभी करण्याच्या जागेची लांबीही याच टेपने मोजून घ्यावी.

निर्णयापूर्वी जुन्या गाडीची तपासणी आमच्याकडे करून घ्यायची असल्यास आधी वेळ ठरवून यावे. येताना मागच्या वर्षभराची दुरुस्तीची बिले आणि नेहमीचे सामान बरोबर असावे. गाडी मात्र धुऊन आणू नये. ऑइल कुठून पाझरते आहे, हे धुतलेल्या गाडीत दिसत नाही.