यू-टर्न घेताना जड मोटारसायकल आडवी का होते?

"एवढी गाडी झेपत नाही तर घ्यायची कशाला?" चौकात यू-टर्न घेताना बुलेट आडवी झाली की बघ्यांपैकी कुणीतरी हे ऐकवतंच. चालवणारी मुलगी असली किंवा चालवणारा उंचीने कमी असला, तर मग विचारायलाच नको. जड गाडी ताकदीने सावरायची असते आणि ताकद कमी पडली म्हणून ती पडली, असं या बोलण्यामागे गृहीत धरलेलं असतं. ते साफ चुकीचं आहे. चांगला धडधाकट माणूसही ताशी ५ किलोमीटर वेगात गाडी पाडतो, आणि तोच माणूस ताशी ६० ने जाताना ती पडू नये म्हणून काडीचाही जोर लावत नसतो.

मग वेगात गाडीला उभं कोण ठेवतं? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: चाकं फिरतात, त्यामुळे जायरोस्कोपसारखा (म्हणजे वेगाने फिरणारी चकती आपली दिशा सहजी बदलू देत नाही, तसा) परिणाम होतो आणि गाडी सरळ राहते. हा परिणाम खरा आहे, पण तोल सांभाळण्याचं मुख्य श्रेय त्याचं नाही. डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १९७० मध्ये हे तपासून पाहिलं. त्याने सायकलच्या पुढच्या चाकाशेजारी, जमिनीला न टेकणारं आणखी एक चाक बसवलं आणि ते उलट दिशेने फिरवलं. जायरोस्कोपचा परिणाम त्यामुळे रद्द होत होता, तरी त्याला ती सायकल सहज चालवता आली. पुढे २०११ मध्ये अमेरिकेतलं कॉर्नेल विद्यापीठ आणि नेदरलँड्समधलं डेल्फ्ट विद्यापीठ इथल्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात एका खास सायकलचं वर्णन छापलं. तिच्यात जायरोस्कोपचा परिणाम काढून टाकलेला होता, तरी ढकलून दिल्यावर ती स्वाराविना आपला तोल आपणच सावरत असे.

खरी किमया हॅण्डलची आहे. तळहातावर काठी उभी धरून पाहा. ती डावीकडे कलली की आपण हात डावीकडे नेतो, म्हणजे कलणाऱ्या वजनाच्या खाली आधार नेऊन ठेवतो. मोटारसायकलवर हे काम चाकं करतात. गाडी डावीकडे कलली की हॅण्डल किंचित डावीकडे वळतं, चाकं डावीकडे सरकतात आणि गुरुत्वमध्याच्या खाली येतात. सरळ रस्त्यावरही हे अखंड चालू असतं, फक्त इतकं बारीक की चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

आता थोडं गणित, कारण सगळी मेख तिथेच आहे. हॅण्डल ठरावीक कोनात वळवलं की गाडीला बाजूला नेणारं त्वरण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात मिळतं. वेग चौपट, तर त्वरण सोळापट. झुकलेली गाडी आहे त्या झुकावावर तोलून धरायची असेल, तर हे त्वरण गुरुत्वत्वरण गुणिले झुकावाच्या कोनाचा टॅन एवढं लागतं. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० च्या दोन चाकांतलं अंतर १.३९ मीटर आहे. समजा गाडी ५ अंश झुकली. वेग ताशी २० किलोमीटर असेल, तर ती तोलायला हॅण्डल जेमतेम २ अंश वळवावं लागतं. वेग ताशी ५ किलोमीटर असेल, तर जवळजवळ ३२ अंश, म्हणजे हॅण्डल एका बाजूला टेकायच्या बेतात येतं. ताशी ३ किलोमीटरला हाच हिशेब ६० अंशांवर जातो, आणि तेवढं तर रस्त्यावरच्या नेहमीच्या मोटारसायकलचं हॅण्डल वळत नाही. हॅण्डल वळवण्याच्या क्रियेतूनही थोडा आधार मिळतो, पण तोही वेगाबरोबर आटत जातो. थोडक्यात, वेग कमी झाला की तोल सांभाळायचं हत्यारच बोथट होतं.

दुसऱ्या बाजूने वेळही हातात राहत नाही. कलणाऱ्या गाडीचा झुकाव सारख्या गतीने वाढत नाही, तो दुपटीने वाढत जातो. चालवणाऱ्यासह गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ६० सेंटिमीटरवर धरला, तर एकदा कलू लागलेल्या गाडीचा झुकाव सुमारे ०.२ सेकंदात दुप्पट होतो. २ चे ४, ४ चे ८, ८ चे १६. काहीतरी बिनसलंय हे लक्षात यायला आणि पाय हलायलाच पाव सेकंद जातो. पाय जमिनीवर नीट टेकेपर्यंत अर्धा सेकंद झाला, तर २ अंशांचे ११ झालेले असतात.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी, की या हिशेबात वस्तुमान येतच नाही. १९५ किलोची क्लासिक ३५० आणि ११२ किलोची स्प्लेंडर, गुरुत्वमध्याची उंची सारखी असेल तर दोन्ही तितक्याच वेळात पडतात. फरक पडतो तो सावरायला लागणाऱ्या जोरात. नुसत्या गाडीचा गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटरवर आणि हॅण्डल १ मीटरवर धरा. चालवणाऱ्याचं वजन सोडून, नुसती १९५ किलोची गाडी ५ अंशांवर धरून ठेवायला साधारण साडेआठ किलोचा जोर पुरतो. १० अंशांवर १७ किलो, २० अंशांवर ३३, ३० अंशांवर ४९. स्प्लेंडरला ३० अंशांवरही २८ च लागतात. म्हणून हलकी गाडी बरीच कलली तरी ओढून सरळ करता येते आणि जड गाडीची ती संधी फार लवकर निघून जाते. शिवाय हा नुसता धरून ठेवायचा जोर झाला, खाली येणारी गाडी थांबवायला आणखी लागतो. पैलवानाला या शर्यतीत फार तर ०.१-०.२ सेकंद जास्त मिळतात.

आता यू-टर्नचंच बघू. आपल्याकडे तो उजवीकडे असतो. हॅण्डल पूर्ण उजवीकडे, वेग ताशी ६ किलोमीटर, गाडी उजवीकडे ८ अंश झुकलेली आणि तोल अगदी बरोबर. तेवढ्यात समोरून रिक्षा येते आणि उजव्या हाताची बोटं आपसूक पुढचा ब्रेक आवळतात. वेग गेला, की त्या ८ अंशांना तोलून धरणारं त्वरणही गेलं. झुकाव मात्र तिथेच आहे. भरीला, वळलेल्या चाकावर ब्रेकचं बल तिरकं लागतं आणि टायरला डावीकडे, वळणाच्या बाहेर ढकलतं, म्हणजे गाडी आणखी आत कलते. उजवा पाय मागच्या ब्रेकवर असतो, तो काढून जमिनीवर यायला वेळ लागतो. अर्ध्या सेकंदात झुकाव २०-२५ अंशांवर पोचतो. घाटातल्या चढाच्या वळणावर क्लच घाईने सुटून इंजिन बंद पडलं तरी हेच होतं. पाय टेकायच्या जागी रस्त्याचा उतार किंवा खड्डा असेल, तर जमीन लागेपर्यंत गाडी आणखी झुकते.

नवी गाडी अशी पडली की घरात दृष्ट लागल्याची चर्चा होते आणि हेडलाइटखाली लिंबू-मिरची येते. तो दोरा बांधण्यात जो वेळ जातो, तेवढाच मोकळ्या मैदानात हाफ क्लचवर गोल फिरण्यात घालवला तर गाडी पुन्हा पडण्याची शक्यता खरोखर कमी होईल. कारण उपाय याच गणितातून निघतो: वेग शून्याकडे जाऊ द्यायचा नाही. क्लच अर्धा दाबलेला, ॲक्सिलरेटर थोडा पिळून स्थिर, आणि वेग आवरायला मागच्या ब्रेकवर हलका पाय. पुढच्या ब्रेकवरची बोटं काढून घ्यायची. शरीर थोडं वळणाच्या बाहेर ठेवायचं आणि मान वळवून जिथे जायचंय तिकडे बघायचं. थांबायचंच असेल तर आधी हॅण्डल सरळ करायचं, मग ब्रेक.

होंडाने २०१७ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात स्वतःहून उभी राहणारी मोटारसायकल दाखवली, तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की आत मोठा जायरोस्कोप असणार. तो नव्हता. मंद वेगात पुढच्या चिमट्याचा (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचा) कोन बदलायचा आणि संगणकाने पुढचं चाक सतत बारीक वळवत राहायचं, एवढ्यावर ती उभी राहत होती.

आणि गाडी पडलीच, तर कलतानाच एका मर्यादेपलीकडे तिला सोडून द्यावं. २५-३० अंशांपुढे धरून ठेवण्याच्या हट्टात कंबर आणि खांदा दुखावतो. लेग गार्ड त्यासाठीच असतो. पडल्यावर आधी इंजिन बंद करावं, पेट्रोल गळतंय का ते बघावं आणि गाडी घरंगळू नये म्हणून पहिला गिअर टाकावा. मग सीटकडे पाठ करून खाली बसावं, एका हाताने हॅण्डल आणि दुसऱ्याने मागचा दांडा धरावा, आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर छोटी पावलं टाकत मागे रेटावं. सगळ्यात जास्त जोर सुरुवातीला लागतो, गाडी वर येईल तसा तो कमी होत जातो. गाडी उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधीच साइड स्टँड बाहेर काढून ठेवावा, नाहीतर सरळ झालेली गाडी पलीकडे डावीकडे जाते.