तेरा सामन्यांत खेळाडू कळतो का?

२०१७च्या जूनमध्ये इंग्लंडच्या लिव्हरपूल या फुटबॉल क्लबने मोहम्मद सलाहला इटलीच्या रोमाकडून घेतलं, तेव्हा चाहत्यांच्या गप्पांत एकच सूर होता: हा तर चेल्सीने नाकारलेला खेळाडू. शंका हवेतून आलेली नव्हती. २०१४च्या जानेवारीत चेल्सीने त्याला स्वित्झर्लंडच्या बासेल क्लबमधून आणलं होतं. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेत, तो १३ सामने खेळला, त्यांतले बरेच बदली खेळाडू म्हणून, आणि गोल केले दोन. वर्षभरात त्याची रवानगी इटलीला झाली. इंग्लंडच्या धसमुसळ्या खेळात हा टिकायचा नाही, असा शिक्का बसला तो बसलाच. आणि आता त्याच माणसासाठी साडेतीन कोटी पौंडांच्या आसपास रक्कम मोजायची?

पहिल्याच हंगामात त्याने लीगमध्ये ३२ गोल केले. ३८ सामन्यांच्या प्रीमियर लीग हंगामात तोवर कुणालाही हे जमलं नव्हतं. आधीचा विक्रम ३१चा होता आणि तो अ‍ॅलन शिअरर, क्रिस्तियानो रोनाल्डो आणि लुईस सुआरेझ या तिघांच्या नावावर होता.

मी लिव्हरपूलचा चाहता आहे, आणि त्या जूनमध्ये मीही नाक मुरडलं होतं. तेव्हापासून एक प्रश्न पाठ सोडत नाही. माहिती सगळ्यांसमोर होती, मग आम्ही नेमके कुठे चुकलो?

कागद-पेन्सिल घेऊन बसलं की उत्तर दिसायला लागतं. चेल्सीकडून १३ सामने, २ गोल. त्यानंतर इटलीत, फिओरेन्तिना आणि रोमा मिळून लीगचे ८१ सामने, ३५ गोल. इटलीतली सरासरी सामन्यामागे ०.४३. यात चेल्सीचे तेरा सामने मिसळा: ९४ सामने, ३७ गोल, सरासरी ०.३९. म्हणजे ज्या तेरा सामन्यांवरून आम्ही त्याची किंमत ठरवत होतो, ते तराजूत टाकल्यावर काटा जेमतेम हलतो. आणि बदली म्हणून शेवटची दहा मिनिटं मैदानात उतरणं हाही 'एक सामना' धरला जातो, हे तर यात मोजलेलंच नाही. आमच्या डोक्यात मात्र ते तेरा सामने एका पारड्यात आणि इटलीतले ८१ दुसऱ्या पारड्यात, जणू सारख्या वजनाचे. कारण तेरा आम्ही डोळ्यांनी पाहिले होते, आणि ८१ फक्त ऐकले होते.

संख्याशास्त्रात याला लहान नमुन्याची अडचण म्हणतात. फुटबॉलमध्ये ती फार बोचते, कारण गोल ही दुर्मीळ घटना आहे. क्रिकेटमध्ये फलंदाज एका डावात शंभर चेंडू खेळतो आणि आपल्याला त्याच्याबद्दल शंभर छोटे पुरावे मिळतात. स्ट्रायकरला, म्हणजे गोल करणं हेच मुख्य काम असलेल्या खेळाडूला, एका सामन्यात गोलवर दोन-तीन फटके मारायला मिळाले तरी दिवस चांगला गेला म्हणायचं.

समजा एक चांगला स्ट्रायकर आहे. तो सामन्याला तीन फटके मारतो आणि प्रत्येक फटका गोल होण्याची शक्यता १२ टक्के आहे. वर्षाला तेरा-चौदा गोल करणारा हा खेळाडू कुठल्याही क्लबला हवाहवासा वाटेल. आता तो नव्या क्लबमध्ये आला आणि पहिले पाच सामने खेळला. फटके झाले १५. पंधराही वाया जाण्याची शक्यता किती? ०.८८ला स्वतःनेच पंधरा वेळा गुणा. उत्तर येतं साधारण १५ टक्के, म्हणजे अशा सात खेळाडूंपैकी एकाची सुरुवात निव्वळ योगायोगाने कोरडी जाणार. त्याच्या पायात काहीही बिघाड नसताना. पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. ३८ सामन्यांच्या हंगामात कुठे ना कुठे सलग पाच सामन्यांचा दुष्काळ पडण्याची शक्यता अशा खेळाडूसाठी ९० टक्क्यांच्या आसपास जाते. दुष्काळ जवळपास प्रत्येकालाच पडतो. तो फेब्रुवारीत पडला तर कुणाच्या लक्षातही राहत नाही. ऑगस्टमध्ये पडला की तीच त्या माणसाची ओळख होते.

स्ट्रायकर पीटर क्राउचचं असंच झालं. २००५च्या उन्हाळ्यात तो लिव्हरपूलमध्ये आला आणि पहिला गोल व्हायला ३ डिसेंबर उजाडला. चोवीस तासांहून जास्त खेळ गोलविना गेला होता. अखेर विगनविरुद्ध गोल मिळाला, तोही बचावपटूला लागून वर उडालेल्या चेंडूवर. दुसरा गोल त्याच सामन्यात आला.

आर्सेनलच्या थिएरी ऑन्रीची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि मला ती जास्त शिकवणारी वाटते. १९९९च्या ऑगस्टमध्ये प्रशिक्षक आर्सेन वेंगरनी त्याला युव्हेंटसकडून सुमारे १ कोटी १० लाख पौंडांना आणलं. त्याच उन्हाळ्यात आर्सेनलचा स्ट्रायकर निकोला अनेल्का त्याच्या दुपटीच्या आसपास किमतीला रेआल माद्रिदला गेला होता, म्हणजे तुलना ठरलेलीच. ऑन्री इटलीत विंगर म्हणून खेळायचा, कडेने धावायचा, आणि तिथे त्याचे लीगमध्ये गोल होते तीन. वेंगरनी त्याला मध्ये, गोलसमोर उभं केलं. पहिल्या आठ सामन्यांत एकही गोल नाही. मग १८ सप्टेंबरला साउथहॅम्प्टनच्या 'द डेल' या जुन्या, चिंचोळ्या मैदानावर तो बदली खेळाडू म्हणून उतरला. शेवटची दहा-अकरा मिनिटं उरली होती. गोलकडे पाठ, चेंडू पायाशी, एक गिरकी, आणि वीस-बावीस मीटरवरून मारलेला वळणदार फटका थेट जाळ्यात. आर्सेनल १-०ने जिंकलं. त्या हंगामात त्याचे सगळ्या स्पर्धा मिळून २६ गोल झाले, आणि आर्सेनल कायमचं सोडलं तेव्हा २२८. क्लबच्या इतिहासात एवढे गोल कुणाचेच नाहीत.

एवढ्या अंतरावरून मारलेले फटके शंभरातले मोजकेच गोल होतात. म्हणजे दुष्काळ संपवणारा गोल हा काही सोप्या संधीचा नव्हता. मात्र तो फटका जिथून आला ती जागा, गोलसमोरचा मधला पट्टा, हीच वेंगरनी त्याला नव्याने दिलेली जागा होती. इथे नुसत्या योगायोगाचं गणित पुरत नाही. आधीच्या आकड्यांतले तीन गोल हे कडेला खेळणाऱ्या माणसाचे होते आणि काम बदललं की जुने आकडे तेवढ्याच भरवशाचे राहत नाहीत. चाहत्यांनी वापरलेला पुरावा खोटा नव्हता, तो दुसऱ्याच प्रश्नाचा होता.

मग पाहायचं काय? गेल्या दहा-पंधरा वर्षांत यावर जे उत्तर रूढ झालं ते म्हणजे 'अपेक्षित गोल', फुटबॉलवेड्यांच्या भाषेत एक्सजी. कल्पना सोपी आहे. आजवरचे हजारो फटके गोळा करायचे. गोलपासूनचं अंतर, कोन, पायाने की डोक्याने अशा नोंदी करायच्या, आणि तशा फटक्यांपैकी किती गोल झाले ते मोजायचं. पेनल्टी चारपैकी तीनदा जाळ्यात जाते, म्हणून तिची किंमत पाऊण गोलाच्या थोडी वर. लांबून मारलेला फटका ०.०३. आता खेळाडूने काय मिळवलं यापेक्षा तो कुठवर पोचला हे मोजता येतं. गोलसंख्या वरखाली होते. संधी निर्माण करण्याची, योग्य जागी पोचण्याची सवय त्यामानाने स्थिर राहते, म्हणून पुढच्या हंगामाचा अंदाज तिच्यावरून जास्त चांगला बांधता येतो.

लिव्हरपूलमध्ये हे काम इयन ग्रॅहम यांच्या हाताखालचा गट करायचा. ग्रॅहम यांची डॉक्टरेट केंब्रिजची, सैद्धांतिक भौतिकशास्त्रातली. सलाहला घ्यावं असं त्यांच्या आकडेवारीने ठामपणे सुचवलं होतं. त्याआधीचा त्यांचा एक निष्कर्ष मला अधिक धाडसी वाटतो. २०१४-१५च्या हंगामात प्रशिक्षक युर्गेन क्लॉप यांचा बोरुसिया डॉर्टमुंड जर्मनीत सातव्या क्रमांकावर घसरला होता आणि क्लॉप संपले अशी चर्चा होती. ग्रॅहम यांच्या मॉडेलने सांगितलं की त्या संघाचा खेळ दुसऱ्या क्रमांकाच्या लायकीचा होता, बाकी सगळं नशीब. ऑक्टोबर २०१५मध्ये क्लॉप लिव्हरपूलमध्ये आले.

बचाव करणाऱ्यांचं मोजमाप त्याहून अवघड. एन्गोलो कांते २०१५मध्ये फ्रान्सच्या कां या छोट्या क्लबमधून लेस्टरला आला. किंमत ५६ लाख पौंड, उंची १६८ सेंटिमीटर. दोनच वर्षांपूर्वी तो फ्रान्सच्या तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. चेंडू हिसकावून घेण्यात तो फ्रेंच लीगमध्ये सगळ्यांच्या पुढे होता हे खरं. पण या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. ज्या संघाकडे चेंडू कमी वेळ असतो, त्याच्या खेळाडूंना हिसकावण्याची संधीच जास्त मिळते. पावसात जो जास्त भिजतो तो जास्त वेगाने धावला असं नसतं. म्हणून विश्लेषक हिशेब असा करतात: प्रतिस्पर्ध्याकडे चेंडू असताना, दर काही मिनिटांना या माणसाने किती वेळा तो परत मिळवला? ही चाळणी लावूनही जो वर राहतो, तो खरा. लेस्टरचे मुख्य स्काउट स्टीव्ह वॉल्श कांतेच्या मागे लागले. प्रशिक्षक क्लाउदिओ रानिएरी त्याच्या चणीमुळे साशंक होते, पण वॉल्श यांनी पाठपुरावा सोडला नाही. हंगामाच्या सुरुवातीला ज्यांच्या विजेतेपदावर ५०००ला १ असा भाव होता, ते लेस्टर मे २०१६मध्ये इंग्लंडचे विजेते झाले. पुढच्याच वर्षी चेल्सीकडून कांतेने तेच विजेतेपद पुन्हा मिळवलं.

चणीबद्दलची शंका आपल्याकडेही ओळखीची आहे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून मी ती कितीदा ऐकली आहे. पेठेच्या संघात नवा खेळाडू आला की पहिल्या दहा मिनिटांत निकाल लागतो: 'अंगात नाही रे ह्याच्या.' त्या गॅलरीचं प्रेम मला ठाऊक आहे. तीच माणसं पुढच्या महिन्यात त्या पोराला खांद्यावर घेतात. पण डोळा पहिल्यांदा शरीर पाहतो, जागा हेरण्याची हुशारी त्याला उशिरा दिसते.

वयाचंही तसंच. स्ट्रायकरचा वेग तिशीनंतर उतरतो, ही पाहणी हजारो खेळाडूंच्या सरासरीची आहे आणि ती बरोबर आहे. २०१७मध्ये एफसी गोवाने सायप्रसमधून फेरान कोरोमिनासला आणलं तेव्हा तो ३४ वर्षांचा होता. इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) त्या हंगामात त्याने १८ गोल केले, पुढच्या हंगामात १६, आणि दोन्ही वर्षी सर्वाधिक गोल त्याचेच. सरासरीने गटाबद्दल खरं सांगितलं. फातोर्ड्याच्या मैदानावर मात्र गट नव्हता, कोरो होता. तो वेगापेक्षा जागेवर आणि वेळेवर जगणारा खेळाडू होता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. मी निवडलेली सगळी उदाहरणं शंका चुकीची ठरल्याची आहेत. ज्यांच्याबद्दल शंका होती आणि जे खरोखरच अपयशी ठरले, त्यांच्या गोष्टी कुणी सांगत बसत नाही, म्हणून चाहते नेहमीच चुकतात असा भास होतो. तसं नाही. आकडेवारीचीही हार होते. नाबी केईता हा विश्लेषकांचा लाडका मिडफिल्डर २०१८मध्ये लिव्हरपूलला आला. दुखापतींनी त्याला सतत बाहेर बसवलं आणि २०२३मध्ये करार संपल्यावर तो निघून गेला. सलाहच्या ३२ गोलांनंतरच्या हंगामात त्याचे २२ झाले, तेव्हा 'एका वर्षाचा चमत्कार' म्हणणारे पुन्हा पुढे आले. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टनने १८८६मध्ये उंच आईबापांची मुलं सरासरीकडे झुकतात हे दाखवलं होतं. विक्रमी हंगामानंतरचा हंगाम त्याच नियमाने खाली येतो. २२ गोलांनीही सलाह त्या वर्षी सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत होताच.

सलाहच्या पाठोपाठ, त्याच उन्हाळ्यात लिव्हरपूलमध्ये आणखी एक जण आला होता. अँडी रॉबर्टसन, लेफ्ट बॅक म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, नुकत्याच खालच्या श्रेणीत गेलेल्या हल सिटीकडून, ८० लाख पौंडांना. लहानपणी सेल्टिकने त्याला अंगाने लहान म्हणून सोडलं होतं आणि पुढे तो क्वीन्स पार्क या हौशी संघातून खेळला. लिव्हरपूलमध्ये पहिले काही महिने तो बहुतेक बाकावरच होता. डिसेंबरात अल्बेर्तो मोरेनो जखमी झाला आणि जागा मोकळी झाली.

१४ जानेवारी २०१८, अ‍ॅनफिल्ड. लिव्हरपूलचं घरचं मैदान. समोर मँचेस्टर सिटी, लीगमध्ये त्या हंगामात एकदाही न हरलेला संघ. लिव्हरपूल पुढे असताना रॉबर्टसन आपली डावी बाजू सोडून चेंडूच्या मागे धावत सुटला. एका खेळाडूवर, त्याने पास दिला तर पुढच्यावर, तिथून त्याच्या पुढच्यावर, थेट गोलकीपरपर्यंत आणि तिथूनही पुढे. चेंडू काही त्याला मिळाला नाही. शेवटी त्याच्या हातून फाउल झाला. त्या धावेतून ना गोल आला, ना पास, ना टॅकल, आणि सामन्याच्या तक्त्यात तिच्यासाठी रकानाही नव्हता. सहा महिने ज्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं, त्या खेळाडूच्या फाउलवर सगळं अ‍ॅनफिल्ड उभं राहून टाळ्या वाजवत होतं.