शंभर वर्षांचा पूर येऊन गेला, म्हणजे आता निर्धास्त?

पंचगंगा-कृष्णेच्या काठी 2005 साली महापूर आला, मग 2019 मध्ये आणि लगेच 2021 मध्येही. तरीही ‘एवढा पूर शंभर वर्षांतून एकदाच येतो, आता आपल्या हयातीत नाही’ हे वाक्य पारावर ऐकू येतंच. हा समज चुकीचा आहे. भूगोलाच्या पहिल्या वर्षाचं गणितच तो खोडून काढतं.

‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे कोणत्याही एका वर्षी तेवढा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता 1 टक्का. नदी मागचा हिशोब ठेवत नाही. फाशावर आत्ता सहा पडले म्हणून पुढच्या वेळी सहा पडायचे थांबत नाहीत.

आता तीस वर्षांच्या गृहकर्जाचा काळ घ्या. एका वर्षी पूर न येण्याची शक्यता 0.99. ती तीस वेळा स्वतःशी गुणली की 0.74 येते. म्हणजे कर्ज फिटेपर्यंत निदान एकदा पूर येण्याची शक्यता 26 टक्के! गंमत म्हणजे पुरती शंभर वर्षं धरली, तरी ती 63 टक्केच भरते.

पूररेषा म्हणजे पुराचं पाणी कुठवर येईल ते दाखवणारी रेषा. महाराष्ट्रात नदीकाठची लाल पूररेषा याच शंभर वर्षांच्या पुराची, निळी पंचवीस वर्षांच्या, म्हणजे दर वर्षी 4 टक्के शक्यता असलेल्या पुराची. निळ्या रेषेवरच्या घराला तीस वर्षांत पाणी लागण्याची शक्यता 70 टक्क्यांवर जाते. शिवाय हे आकडे जुन्या नोंदींवरून काढलेले असतात. पाऊसमान बदललं की तेही बदलतात.