महारेराचा एजंट नंबर: कोणाला लागतो, कसा मिळतो

मेहुण्याला नव्या स्कीमची साइट दाखवली, त्याने फ्लॅट बुक केला आणि बिल्डरने खूश होऊन पाकीट हातात ठेवलं. एवढ्यानेही तुम्ही कायद्याच्या लेखी एजंट ठरू शकता. घर-जमिनीच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या २०१६ च्या रेरा कायद्यातली व्याख्या ऐसपैस आहे: मोबदला घेऊन खरेदी करणाऱ्याची आणि विकणाऱ्याची कोणत्याही माध्यमातून गाठ घालून देणारा. त्यात व्हॉट्सॲपवर फ्लॅटचे फोटो फिरवणारेही आले.

मात्र एजंट नंबर, म्हणजे महारेरा या राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडचा नोंदणी क्रमांक, प्रत्येक व्यवहाराला लागत नाही. कलम ९ चं बंधन रेरात नोंदलेल्या प्रकल्पातल्या खरेदी-विक्रीपुरतं आहे. तीस वर्षं जुन्या सोसायटीतला रिसेल किंवा भाड्याचं काम त्यात येत नाही. (भाड्याचा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, पण ती जबाबदारी वेगळ्या कायद्याने घरमालकावर टाकली आहे.) म्हणून आधी ठरवा, आपण नेमके कोणते सौदे करतो. नव्या बांधकामाला हात लावणार असाल तर नंबर आधी, साइट व्हिजिट नंतर. विनानोंदणी काम केल्यास दिवसाला १०,००० रुपये दंड, आणि तो साठत साठत त्या सदनिकेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. मिळालेली दलाली तर जाईलच, वर पदरचे भरावे लागतील.

थेट फॉर्म भरायला बसू नका. १० जानेवारी २०२३ च्या आदेशानंतर महारेराने प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली आहे. मान्यताप्राप्त संस्थेत २० तासांचं प्रशिक्षण घ्यायचं, मग परीक्षा देऊन सक्षमता प्रमाणपत्र मिळवायचं. कंपनी असेल तर ग्राहकांशी बोलणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही ते लागतं, फक्त मालकाने पास होऊन भागत नाही.

त्यानंतर महारेराच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज. पॅन कार्ड, फोटो, राहण्याचा व व्यवसायाच्या जागेचा पुरावा, मागच्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, लेटरहेड आणि रबरी शिक्क्याचा नमुना, प्रलंबित दिवाणी-फौजदारी खटल्यांची माहिती. विवरणपत्र भरण्याइतकं उत्पन्नच नसेल तर तसं घोषणापत्र चालतं. खटला असेल तर लपवू नका; खोटी माहिती देऊन घेतलेली नोंदणी पुढे रद्द होऊ शकते. भागीदारी किंवा कंपनी असेल तर तिची नोंदणीची कागदपत्रंही जोडायची.

शुल्कात मोठी मेख आहे. व्यक्तीला १०,००० रुपये, तर भागीदारी, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा कंपनीला १ लाख. दोन मित्रांनी हौसेने एलएलपी काढली की आकडा दहापट होतो. सुरुवात करणाऱ्याने आपल्या नावावर अर्ज करावा, असं माझं मत. नोंदणी पाच वर्षं टिकते.

नंबर हातात आला म्हणजे काहीही विकायला मोकळे झालात, असं नाही. खुद्द प्रकल्पाची नोंदणी नसेल तर तो विकायचा नाही. ‘आठ दिवसांत नंबर येतोय, तोवर टोकन घेऊन ठेवा’ असं बिल्डर म्हणाला की तिथूनच परत फिरा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडून विकणाऱ्यांनाही प्रकल्प नोंदणी लागते, आणि गुंठ्याने जमीन विकणाऱ्यांच्या बॅनरवर ती हटकून गायब असते. दलाली किती घ्यायची हे मात्र रेरा कायदा ठरवत नाही. टक्का लेखी ठरवून घ्या, हिशेबाच्या वह्या नीट ठेवा, प्रत्येक सौद्याच्या कागदावर आपला नंबर टाका आणि प्रमाणपत्र ऑफिसात दिसेल असं लावा.

सावंतवाडी-दोडामार्गच्या मंडळींसाठी एक खास गोष्ट. एक नोंदणी अख्ख्या महाराष्ट्राला पुरते, पण सीमा ओलांडून पेडण्यातला नोंदणीकृत प्रकल्प विकायचा तर गोवा रेराकडे वेगळी नोंदणी करावी लागते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान ६० दिवस आधी टाका. ती तारीख आजच मोबाईलमध्ये लावून ठेवा.