टेबलस्विच आणि लुकअपस्विच: जेव्हीएमच्या असेंबलरला अडवणाऱ्या दोन सूचना

जावा व्हर्च्युअल मशीनच्या (जेव्हीएमच्या) बहुतेक सूचनांची लांबी ऑपकोडवरूनच, म्हणजे सूचना ओळखणाऱ्या पहिल्या बाइटवरूनच, कळते. अपवाद तीनच: वाइड, टेबलस्विच (ऑपकोड १७०) आणि लुकअपस्विच (ऑपकोड १७१). वाइडचा प्रश्न पुढचा ऑपकोड पाहिला की मिटतो. असेंबलर, म्हणजे मजकुरात लिहिलेल्या सूचनांचे बाइट बनवणारा प्रोग्राम, खरा अडतो तो उरलेल्या दोघांपाशी.

दोघेही स्टॅकवरचा एक इंट (३२ बिटांचा पूर्णांक) उचलतात आणि त्याच्या किमतीप्रमाणे उडी मारतात. काम एकच असल्यामुळे दोघांना एकाच फंक्शनमधून लिहून काढायचा मोह होतो. पण त्यांची मांडणी वेगळी आहे.

टेबलस्विचमध्ये ऑपकोड, पॅडिंग (जागा जुळवणारे भरीचे बाइट), मग डीफॉल्ट (कोणतीच किंमत न जुळल्यास जायची उडी), किमान आणि कमाल किंमत (प्रत्येकी ४ बाइट), आणि त्यानंतर किमान ते कमाल प्रत्येक किमतीसाठी ४ बाइटचा ऑफसेट (उडीचे अंतर) असतो. किमती कुठे लिहिलेल्या नसतात, त्या जागेवरून ओळखल्या जातात. म्हणून मधली एखादी किंमत प्रोग्राममध्ये नसेल, तर तिच्या जागी डीफॉल्टचा ऑफसेट असेंबलरने स्वतः भरायचा. लुकअपस्विचमध्ये डीफॉल्टनंतर जोड्यांची संख्या येते आणि मग किंमत व ऑफसेट अशा ८-८ बाइटच्या जोड्या.

थोडक्यात, एकाचा आकार किमतींच्या पल्ल्यावर (किमान ते कमाल, दोन्ही धरून) ठरतो, तर दुसऱ्याचा त्यांच्या संख्येवर. १, २, ३, ५ या चार किमती घ्या. पॅडिंग सोडून टेबलस्विचला १ + १२ + २० = ३३ बाइट लागतात, लुकअपस्विचला १ + ८ + ३२ = ४१. आता १०, २००, ३००० घ्या. लुकअपस्विच ३३ बाइटांत बसतो. टेबलस्विचला २९९१ ऑफसेट, म्हणजे एकूण ११,९७७ बाइट लागतात, आणि मेथडची मर्यादा ६५,५३५ बाइटांची आहे. पल्ला काढताना ६४ बिटांतच वजाबाकी करा. किमान किंमत मोठी ऋण आणि कमाल मोठी धन असली, तर ३२ बिटांत उत्तर उलटे फिरते आणि असेंबलरला टेबल छोटे वाटते.

दोघांपैकी कोणता वापरायचा हा निर्णय जावासी, म्हणजे जावाचा कंपायलर, हिशेबाने घेतो. टेबलस्विचची जागा ४ + पल्ला आणि वेळ ३. लुकअपस्विचची जागा ३ + दुप्पट संख्या आणि वेळ संख्येइतका. वेळेला तिप्पट वजन देऊन बेरीज करतात आणि टेबलची बेरीज कमी किंवा समान आली तर टेबलस्विच. वरच्या पहिल्या उदाहरणात १८ विरुद्ध २३, म्हणून टेबलस्विच. असेंबलरने मात्र अशी अदलाबदल गुपचूप करू नये; लिहिणाऱ्याने जी सूचना मागितली तीच द्यावी. एकही किंमत नसलेला स्विच मात्र फक्त लुकअपस्विचलाच जमतो, कारण टेबलला निदान एक खाना लागतोच.

लुकअपस्विचच्या जोड्या किमतीच्या चढत्या क्रमाने लावणे बंधनकारक आहे, तेही चिन्हासह: −१ आधी, ५ नंतर. सोर्समधला मजकूर तसाच क्रमवारीला लावला तर १० हा ९ च्या आधी येतो आणि क्रम मोडतो. हॉटस्पॉट या जेव्हीएमचा इंटरप्रिटर ५ किंवा जास्त जोड्या असल्या की बायनरी शोध (दरवेळी यादी अर्धी करत शोधणे) करतो, म्हणूनच हा क्रम लागतो.

आता दोघांनाही लागू असलेले आणि सर्वांत जास्त रडवणारे प्रकरण, पॅडिंगचे. मेथडच्या सुरुवातीपासून मोजल्यास डीफॉल्टचा पहिला बाइट ४ च्या पटीत यायला हवा. ऑपकोडच्या पत्त्याला ४ ने भागून उरलेली बाकी ३ मधून वजा केली की पॅडिंग मिळते. ते शून्यांनीच भरा. ऑफसेट मोजायचे ते स्विचच्या ऑपकोडपासून. टेबलातल्या खान्यापासून नाही, पुढच्या सूचनेपासूनही नाही. डॉटनेटच्या सीआयएल या तशाच सूचनाभाषेत स्विचचे ऑफसेट पुढच्या सूचनेपासून मोजतात, त्यामुळे तिकडून येणारा इथे हमखास चुकतो.

पॅडिंग पत्त्यावर अवलंबून असल्याने लांब उड्यांशी त्याची गाठ पडते. लांब पल्ल्यामुळे ३ बाइटांच्या गोटूची (साध्या उडीच्या सूचनेची) जागा ५ बाइटांच्या गोटू-डब्ल्यूने घेतली, तर पुढचा स्विच २ बाइट सरकतो. तो पत्ता १३ वर असेल तर १५ वर जातो आणि पॅडिंग २ चे ० होते. स्विचनंतरचे काही हलत नाही. तो १० वर असेल तर १२ वर जातो, पॅडिंग १ चे ३ होते आणि पुढचे सगळे ४ बाइट सरकते. म्हणून पत्ते स्थिर होईपर्यंत फेऱ्या कराव्या लागतात. एकदा लांब केलेली उडी पुढच्या फेरीत आखूड करू नका, नाहीतर असेंबलर त्याच दोन अवस्थांत फिरत राहू शकतो.

तपासणीसाठी एक छोटी मेथड पुरते: शून्य ते तीन नॉप (काहीच न करणारी एका बाइटची सूचना), मग स्टॅकवर इंट ठेवणारा एका बाइटचा आयलोड-शून्य, मग स्विच. पत्ते १, २, ३, ४ येतात आणि पॅडिंग अनुक्रमे २, १, ०, ३ आले पाहिजे. बाइट उलगडून सूचना दाखवणाऱ्या जावाप या साधनाने निकाल पाहताना तिथे ऑफसेट नव्हे तर लक्ष्याचे पूर्ण पत्ते छापलेले असतात. स्विचचा पत्ता वजा करूनच आपल्या बाइटांशी ताडून पाहा.