ऊन पडलं की हरण्या जातो का?

जुलैचा शेवट होता. सातपुड्यावर आठ दिवसांपासून ढग टेकलेले, झड काही थांबत नव्हती, आणि जळगाव जिल्ह्यात रावेरकडच्या माझ्या मामाच्या मृगबागेत, म्हणजे मृगात लावलेल्या बागेत, दीड महिन्याच्या केळीवर पिवळ्या रेघा उमटल्या होत्या. रेघा शिरांना धरून चालल्या होत्या, मधे हिरवं, मधे पिवळं. काही झाडांची पानं वळलेली. दोन-तीन झाडांचा पोंगा, म्हणजे मधलं न उलगडलेलं पान, तर आतून सडून सहज हातात आला. मामाने पान उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "हरण्या आहे. ऊन पडू दे, जाईल."

दहा-बारा दिवसांनी ऊन पडलं आणि पिवळेपणा खरोखरच गेला. नवी पानं हिरवीगार निघाली.

हे 2020 चं. त्या पावसाळ्यात रावेर-यावल पट्ट्यात अनेकांनी रोपं उपटून बांधावर टाकली होती. मामाने टाकली नाहीत, कारण समोर हिरवी बाग उभी होती आणि एकेका रोपावर खर्च झालेला होता. निसवणीच्या, म्हणजे घड बाहेर पडायच्या वेळी त्याची किंमत कळली. ज्या झाडांवर रेघा होत्या त्यांतल्या काहींची निसवण झालीच नाही. बाकीच्यांचे घड आखूड, फण्या विरळ, केळी वाकडी. व्यापाऱ्याने त्या घडांकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्या वर्षापासून मी या रोगाच्या मागे लागलो. शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट खरी होती, ऊन पडल्यावर झाड हिरवं झालंच होतं. तरी त्यातून काढलेला निष्कर्ष चुकला. असं का व्हावं, हे शोधताना केळीच्या बागेत एक अख्खं विज्ञान दडलेलं सापडलं.

आपल्याकडे ज्याला हरण्या म्हणतात तो कुकुंबर मोझॅक व्हायरस, म्हणजे सीएमव्ही. नावात काकडी आहे, कारण 1916 साली अमेरिकेत त्याचं पहिलं वर्णन झालं ते काकडीवर. पण हा एका पिकाला धरून बसणारा विषाणू नाही. काकडी, भोपळा, कारलं, टोमॅटो, मिरची, चवळी, बांधावरची कितीतरी तणं, असं मोजत गेलं तर 1200 हून जास्त जातींच्या वनस्पतींत तो राहू शकतो. त्याचा कण सुमारे 29 नॅनोमीटरचा. एका मिलिमीटरच्या रेघेवर असे चौतीस हजारांच्या आसपास कण ओळीने बसतील. आत आरएनएचे धागे आणि बाहेर प्रथिनाचे 180 तुकडे एकाला एक जोडून केलेलं कवच, एवढंच त्याचं घर. तो स्वतःहून हलत नाही, खात नाही. झाडाच्या पेशीत शिरला की तिथलीच यंत्रणा वापरून स्वतःच्या नकला काढतो.

झाड मात्र गप्प बसत नाही. आपल्यासारखी रक्तातली प्रतिकारशक्ती त्याला नसली तरी एक वेगळं हत्यार आहे. परक्या आरएनएचा धागा ओळखायचा, त्याचे बारीक तुकडे करायचे, आणि त्या तुकड्यांचाच नमुना हाताशी धरून तसला दुसरा धागा दिसला की तोही कापायचा. सीएमव्हीकडे या हत्याराला उत्तर आहे. 2बी नावाचं एक छोटं प्रथिन तो तयार करतो, आणि ते झाडाच्या या कात्रीला अडवतं. पानावर दिसणारा हिरवा-पिवळा नकाशा म्हणजे या झटापटीची खूण.

आता तापमानाकडे या. 2003 साली हंगेरीतल्या संशोधकांनी तंबाखूच्या कुळातल्या एका झाडावर, दुसरा एक विषाणू घेऊन, प्रयोग केला. 15 अंश सेल्सिअसला झाडाची ही कात्री जवळजवळ बंद पडली आणि 27 अंशांना जोरात चालली. केळीत हरण्या बळावतो तो आभाळी, गार दिवसांत, तापमान 24 अंशांच्या आसपास किंवा खाली उतरलं की. ऊब वाढली की झाडाचा हात वर होतो, नव्या पानांत विषाणूचं प्रमाण घटतं आणि पान स्वच्छ निघतं. पण तो कंदात असतो. तिथून बुडाशी फुटणाऱ्या पिलात उतरतो. मामाने त्याच बागेची पील धरली, म्हणजे त्या पिलांवर दुसरं पीक घेतलं, तेव्हा दुसऱ्या पावसाळ्यात रेघा पुन्हा आल्या, तेव्हा कुठे त्याला पटलं की हरण्या गेला नव्हता, फक्त दिसेनासा झाला होता.

झाडातल्या विषाणूवर औषध नाही. रोग झालेलं झाड बरं करता येत नाही, हे एकदा मान्य केलं की पुढचा प्रश्न उरतो: तो आला कुठून?

दोन वाटांनी येतो. एक वाट हवेतून, मावा या रस शोषणाऱ्या बारीक किडीच्या सोंडेवरून. दुसरी रोपातून. दोन्ही नीट समजून घेण्यासारख्या आहेत, आणि पहिलीत आपण पैसा आणि कष्ट दोन्ही वाया घालवतो असं माझं ठाम मत झालं आहे.

केळीवर पोंग्याच्या आत, पानांच्या देठांच्या बेचक्यात राहणारा काळपट मावा सगळ्यांना माहीत आहे. तो पर्णगुच्छ रोगाचा विषाणू पसरवतो, तो वेगळा आजार. सीएमव्ही पसरवणारे मावे बहुतेक पाहुणे असतात. त्यांच्या ऐंशीहून अधिक जाती हा विषाणू वाहतात, आणि त्यांत एक नाव खानदेशाला घरचं आहे: कपाशीवरचा मावा. आपल्या भागात केळी आणि कपाशी बांधाला बांध लावून असतात. जुलै-ऑगस्टमध्ये कपाशी कोवळी, काकडी-चवळीचे वेल चढलेले, बांधावर तण माजलेलं. अशा वेळी पंख फुटलेला मावा नवीन झाड शोधत उडतो. केळीच्या पानावर उतरतो, सोंड टोचून चव घेतो, हे आपलं खाणं नाही असं त्याला कळतं आणि पुढच्या झाडावर जातो. तिथेही चव घेतो. केळीवर त्याची वस्ती कधी होत नाही, त्यामुळे बागेत फिरणाऱ्याला तो दिसतही नाही.

या चव घेण्याला काही सेकंद लागतात. तेवढ्यात विषाणू सोंडेच्या टोकाला चिकटतो आणि पुढच्या टोचण्यात उतरतो. पर्णगुच्छाचं तसं नसतं. तो विषाणू माव्याला घ्यायला तासन्तास रस शोषावा लागतो, मग तो त्याच्या अंगात फिरतो आणि मावा जगेल तोवर टिकतो. सीएमव्ही सोंडेवर फार तर काही तास टिकतो.

आता फवारणीचा विचार करा. माव्यासाठी जे कीटकनाशक आपण मारतो त्याला मावा मारायला जो वेळ लागतो, त्याच्या आधीच त्याने टोचून झालेलं असतं. मेला तरी काम उरकून मेला. कित्येकदा औषधाने बिथरलेला मावा एका जागी न थांबता जास्त झाडांवर टोचत फिरतो. हरण्या दिसल्याबरोबर एकामागून एक चार-चार फवारे घेणारे शेतकरी मी पाहिले आहेत, आणि दुकानातून हातात पडलेली बाटली पाहून मला वाईट वाटतं. शेजारच्या कपाशीवर मावा वाढू न देणं याला अर्थ आहे. केळीवर मात्र, पान पिवळं पडल्यावर मारलेला फवारा उशिरा पोचलेला असतो.

संशोधकांनी मग माव्याला मारण्याऐवजी त्याची सवय ओळखून डाव टाकले. पहिला डाव कुंपणाचा. बागेच्या चारही बाजूंनी उंच वाढणारी ज्वारी दाट पेरली तर उडत येणारा मावा आधी तिच्यावर उतरतो आणि तिथे टोचतो. सीएमव्ही सोंडेवरच असल्यामुळे दोन-चार टोचण्यांत सोंड पुसली जाते आणि केळीपर्यंत तो रिकामा पोचतो. वाऱ्यासाठी आपण बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवत लावतोच, हा त्याचाच भाऊबंद. दुसरा डाव उजेडाचा. माव्याला उतरायची जागा मातीच्या आणि हिरव्या पानांच्या रंगफरकावरून कळते. रोपांभोवती जमिनीवर अंथरलेल्या चंदेरी मल्चिंगच्या कागदावरून परतलेल्या अतिनील किरणांनी त्याचा हा हिशोब चुकतो आणि तो उतरत नाही. रोपं लहान आहेत तोवर याचा उपयोग होतो. पानांची सावली जमिनीवर पडली की संपतो. पण हरण्याचा सगळ्यात मोठा फटकाही लागवडीनंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच बसतो, तेव्हा हिशोब जुळतो. आणि तिसरी गोष्ट, जिला डाव म्हणायलाही नको: बागेत काकडी, भोपळा, चवळीचं आंतरपीक घ्यायचं नाही, बांधावरचं तण पहिल्या पावसानंतर लगेच काढायचं. हे सांगायला सोपं आणि करायला अवघड, कारण लागवडीनंतरच्या मोकळ्या जागेत चार पैसे देणारं आंतरपीक शेतकऱ्याला सोडवत नाही. ते समजण्यासारखं आहे.

दुसरी वाट रोपाची, आणि इथे एक मोठा गैरसमज आहे.

केळीला बी नाही. आपण खातो त्या केळीच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, एकूण 33, आणि तीनची समान विभागणी होत नाही म्हणून बी धरत नाही. बसराई असो, श्रीमंती असो की आजचं ग्रँड नैन, सगळी झाडं म्हणजे एकाच झाडाच्या नकला. पूर्वी कंद खणून एका बागेतून दुसऱ्या बागेत जायचे आणि कंदाबरोबर रोगही जायचा. मग टिश्यू कल्चर आलं. पिलाच्या शेंड्यातला कोवळा भाग काढून, साखर, क्षार आणि संप्रेरकं असलेल्या माध्यमात वाढवायचा, एकाचे अनेक करायचे, मुळं फुटली की हरितगृहात आणि मग शेडनेटमध्ये रोप कणखर करायचं. एका कंदापासून हजारो सारखी रोपं. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि 2021 च्या जूनमध्ये तांदलवाडीच्या शेतातली 22 टन केळी दुबईला गेली. परदेशी व्यापाऱ्याला लागणारी एकसारखी फणी मिळते त्यामागे ठिबक, घडावरची स्कर्टिंग बॅग यांच्याइतकाच या टिश्यूच्या रोपांचा हात आहे.

पण आपल्याकडे सर्रास म्हणतात, "टिश्यूचं रोप म्हणजे रोगमुक्त." हे अर्धं खरं आहे. 1952 साली मोरेल आणि मार्टिन या फ्रेंच संशोधकांनी विषाणू लागलेल्या डेलियाच्या शेंड्याचं अगदी टोक, मिलिमीटरच्या अंशाएवढं, काढून वाढवलं आणि निरोगी झाड मिळवलं. टोकावरच्या त्या इवल्याशा भागात विषाणू सहसा पोचलेला नसतो. केळीच्या धंद्यात मात्र एवढा बारीक तुकडा घेतला तर जगायचं प्रमाण कमी, वेळ जास्त. म्हणून तुकडा मोठा घेतात आणि त्यात विषाणू असेल तर तोही बाटलीत वाढतो. एक रोगट पिल्लू निवडलं गेलं तर प्रयोगशाळा त्याच्याही हजारो नकला तेवढ्याच इमानदारीने काढते.

म्हणून खरी किल्ली आहे मातृवृक्षाच्या तपासणीत. सीएमव्ही आरएनएचा विषाणू, तेव्हा त्याची पक्की चाचणी आरटीपीसीआर, कोरोनात घराघरात पोचलेलं तेच नाव. विषाणूचं प्रथिन ओळखणारी एलायझा चाचणीही चालते. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2006 साली टिश्यू कल्चर रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण व्यवस्था सुरू केली, आणि तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रात केळीच्या विषाणूंच्या निदानावर बरंच काम झालं आहे. रोपं घेताना प्रमाणपत्र मागायचा हक्क शेतकऱ्याला आहे.

एक फट तरीही राहते, आणि मामा तिथेच फसला असावा. प्रयोगशाळेतून निघालेलं निरोगी रोप कणखर होण्यासाठी महिनाभर किंवा जास्त गावाजवळच्या नर्सरीत थांबतं. ती नर्सरी शेडनेटची असेल, जाळीची भोकं माव्याच्या मानाने दरवाजाएवढी असतील आणि शेजारी भोपळ्याचा वेल असेल, तर रोप शेतात यायच्या आधीच टोचलं जातं. मामाने ज्या नर्सरीतून रोपं आणली तिथे मी नंतर गेलो तेव्हा तिच्या कुंपणावर गिलक्याचे वेल लोंबत होते. शेड उघडी होती, दार सताड. बारीक जाळी, दोन दारांची कोठी आणि आजूबाजूची साफसफाई, यावर जेवढा पैसा जाईल त्याच्या कितीतरी पट शेतकऱ्याचं नुकसान वाचेल. कृषी विद्यापीठांनी आणि खात्याने शेतांइतकंच नर्सऱ्यांकडे लक्ष द्यावं, असं मला फार मनापासून वाटतं.

प्रतिकारक जात का काढत नाहीत, असा प्रश्न साहजिक येतो. बी न धरणाऱ्या झाडात संकर करणं हे मुळातच कठीण, आणि गुण आणताना चव, टिकाऊपणा, घडाचा आकार जाऊ न देणं त्याहून कठीण. जनुकीय मार्गांनी प्रयत्न सुरू आहेत. तोवर हातात उरतं ते उपटणं.

उपटण्याचा हिशोब मी मामासमोर कागदावर मांडला होता. सहा बाय पाच फुटांवर एकरात साधारण 1450 झाडं. शंभरात दोन लागली तर 29 झाडं. पहिल्या महिन्यात ती कंदासकट काढून पुरली आणि त्याच वयाच्या रोपांनी नांग्या, म्हणजे रिकाम्या जागा, भरल्या तर बाग पुन्हा एकसारखी उभी राहते. ती 29 तशीच ठेवली तर ऑगस्टभर त्या प्रत्येकावर उतरणारा मावा पुढच्या झाडाला विषाणू देत जातो. शिवाय लागवडीनंतरचे पहिले साठ-सत्तर दिवस चार-पाच दिवसांनी फेरी मारावी लागते, तीही सकाळी, तिरप्या उजेडात, जेव्हा पानावरची फिकट रेघ डोळ्याला दिसते. दुपारच्या उन्हात ती दिसत नाही.

मागच्या पावसाळ्यात मामाने तसंच केलं. ढग होते तेव्हा रेघ दिसलेल्या झाडांना लाल चिंध्या बांधून ठेवल्या, म्हणजे ऊन पडून ती हिरवी झाली तरी ओळख राहावी. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. चिंध्या बांधलेली झाडं चार-पाच दिवसांत इतकी टवटवीत दिसायला लागली की मामी म्हणाली, "अहो, ही तर चांगली झाली, राहू द्या." मामाने टिकाव उचलला. कंद निघेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मग बांधापलीकडच्या चुलतभावाला हाक मारली, कारण त्याच्या बागेतही त्याच रेघा होत्या, आणि त्या अजून तिथेच उभ्या होत्या.