न्यू जर्सीत उतलेला बिब्बा

माझा आतेभाऊ न्यू जर्सीत राहतो. घरामागच्या कुंपणावरची वेल तो दर मे महिन्यात ओढून काढतो, आणि दोन दिवसांत मनगटापासून कोपरापर्यंत फोडांच्या रेघा उठतात. रेघाच, कारण पान जसं घासत गेलं तशीच कातडी पेटते. तिथला डॉक्टर म्हणाला, पॉयझन आयव्ही. औषध घेऊनही हे परत परत का उठतं, हा आतेभावाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. तिसऱ्या उन्हाळ्यात व्हिडिओ कॉलवर कराडच्या आत्याने हात बघितला आणि म्हणाली, "अरे, हा तर बिब्बा उतलाय!"

दोघांचंही बरोबर होतं. आपला बिब्बा, काजू, आंबा आणि अमेरिकेतली ही वेल, सगळी एकाच कुळातली झाडं. वेलीच्या चिकातलं तेल म्हणजे उरुशिऑल. हे नाव जपानीतून आलं: तिथे लाखेसारख्या चकचकीत रोगणाच्या झाडाला आणि त्याच्या चिकाला उरुशी म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिको माजिमा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने त्या चिकातल्या तेलाची रचना उलगडली. कॅटेकॉल नावाच्या छोट्या रेणूच्या कडीला पंधरा-सतरा कार्बनची लांब शेपटी. बिब्ब्याच्या तेलातही तीच कडी आणि पंधरा कार्बनची शेपटी आहे. आत्याला कॅटेकॉल माहीत असायचं कारण नाही, पण फोड तिने ओळखले.

युरोपीय माणसाच्या लेखणीतून ही वेल उतरली ती सतराव्या शतकात. कॅप्टन जॉन स्मिथ या इंग्रज दर्यावर्द्याने 1624 सालच्या आपल्या इतिहासग्रंथात बर्म्युडा बेटांवरच्या एका विषारी झुडपाबद्दल लिहिलं: दिसायला इंग्लंडातल्या आयव्हीच्या वेलीसारखं, शिवलं की लाली, खाज आणि शेवटी फोड. वेलीला आयव्ही हे चुकीचं नाव चिकटलं ते अशा तुलनांमुळेच. खऱ्या आयव्हीशी तिचं काही नातं नाही. ओळखायची खूण तीन पानांची. मधल्या पानाचा देठ लांब, बाजूच्या दोघांचे आखूड, जुन्या वेलीच्या खोडावर दाट केसाळ मुळं. पळसाला पाने तीनच म्हणणाऱ्या आपल्या माणसाला ही खूण लक्षात ठेवायला जड जाऊ नये. पण हिवाळ्यात पानं गळून नुसती काठी उरली तरी तेल तसंच असतं, आणि वेल जाळली तर ते धुराबरोबर थेट फुप्फुसात जातं. हा प्रकार जिवावर बेतू शकतो.

आता या गोष्टीतलं एक गमतीचं वळण. होमिओपॅथीची 'रस टॉक्स' आपल्याकडे कित्येक घरांच्या कपाटात सापडेल. आजोबांच्या सांधेदुखीला, थंडीत आखडलेल्या कंबरेला त्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या. ती रस टॉक्स म्हणजे हीच वेल! ज्याने फोड येतात त्यानेच ते जातील, या विचाराने होमिओपॅथीचा जनक हानेमान याच्या काळापासून ती औषधात आली. ज्या तेलाला अमेरिकेतला माणूस हातमोजे घालून टाळतो, त्याच्या नावाच्या गोळ्या आपण हौसेने जिभेखाली ठेवतो. त्या इतक्या विरळ केलेल्या असतात की अंगावर फोड उठत नाहीत, आणि माझ्या मते याहून जास्त काही त्यांच्याबद्दल सांगता येत नाही.

भारताशी दुसरा धागा जुळला तो दुसऱ्या महायुद्धात. आपल्याकडचे धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्बा वापरत. बिब्ब्याला सुई टोचायची, टोकावर आलेल्या रसाने कॉलरच्या आत नाहीतर कमरपट्टीवर खूण उमटवायची. ती काळी पडते आणि कितीही धुतली तरी जात नाही. इंग्रजीत या फळाचं नावच खुणेचं फळ असं आहे. भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर, बरोबर खुणेच्या जागी, फोड उठू लागले. 1943 साली लिव्हिंगूड हे अमेरिकन डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या त्रासावर लेख लिहिला आणि वैद्यकाच्या कोशात 'धोबी-खुणेचा त्वचादाह' जमा झाला. अंगणातल्या वेलीने आधीच बिथरलेल्या कातडीला परक्या देशात तिचा चुलतभाऊ भेटला होता. कामात बिब्बा घालणे हा वाक्प्रचार इथे अक्षरशः खरा ठरला.

उलट दिशेचाही प्रकार घडला. 1982 साली पेनसिल्व्हेनियात मुलांच्या बेसबॉल संघटनेने विकलेला काजू खाऊन लोकांच्या अंगावर पुरळ उठलं. मोझांबिकहून आलेल्या त्या काजूत टरफलाचे तुकडे राहिले होते. काजू सोलणाऱ्या कोकणातल्या बायका हाताला तेल-राख का लावतात, हे त्यांना कोणी विचारलं नसावं.

उपचारांचा इतिहास मात्र फारसा अभिमानास्पद नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वेलीच्या अर्काची इंजेक्शनं निघाली, तोंडावाटे घ्यायचे थेंब निघाले. थोडं थोडं विष देऊन शरीराला सवय लावायची, अशी कल्पना. 1958 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन याचा या त्वचादाहावरचा मोठा प्रयोगाधारित लेख आला. हाच माणूस पुढे फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवरच्या प्रयोगांमुळे बदनाम झाला. तोंडावाटे महिनोन् महिने अर्क दिला तर संवेदनशीलता थोडी उतरते, पण औषध थांबलं की परत येते, आणि मधल्या काळात रुग्णालाच खाज सुटते, असं चित्र पुढे आलं. ते अर्क शेवटी बाजारातून गेले. या वेलीचं पान चावून खाल्लं की ती बाधत नाही, ही समजूत त्याहून घातक.

खरा फरक पडला स्टिरॉइडने. 1952 साली सुल्झबर्गर आणि विटन या त्वचारोगतज्ज्ञांनी कातडीवर लावायच्या हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडचा परिणाम दाखवला. 1979 पासून सौम्य मलम अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळू लागलं. आणि आतेभावाच्या 'परत परत'चं अर्धं उत्तर इथेच होतं. त्याला मिळायचं ते सहा दिवसांचं स्टिरॉइडच्या गोळ्यांचं पाकीट: पहिल्या दिवशी सहा, मग पाच, चार, असं करत एकवीस गोळ्या. चौथ्या दिवशी हात सुकायचा, आठव्या-नवव्या दिवशी फोड पुन्हा वर. ही प्रतिक्रिया दोन-तीन आठवडे चालते, म्हणून जोराचं पुरळ असेल तर त्वचारोगतज्ज्ञ तितकेच दिवस, हळूहळू मात्रा उतरवत गोळ्या देतात. अर्थात डॉक्टरच्या देखरेखीखाली. चेहरा-डोळे सुजले तर घरी बसून राहू नये.

उरलेलं अर्धं उत्तर गॅरेजमध्ये होतं. फोडातल्या पाण्याने पुरळ पसरत नाही. त्यात उरुशिऑल नसतंच. पातळ कातडीवर आधी उठतं, जाड कातडीवर उशिरा, म्हणून पसरल्यासारखं वाटतं. पण तेल कात्रीच्या मुठीवर, हातमोज्यांवर, बुटांच्या नाड्यांवर, कुत्र्याच्या केसांवर महिनोन् महिने टिकतं, आणि मिठाच्या कणाहून कमी तेल पुरतं. तो दर वर्षी तेच न धुतलेले हातमोजे पुन्हा वापरायला काढत होता.

म्हणून सगळ्यात जुना इलाज अजून पहिला आहे: धुणं. शिवल्याबरोबर, शक्यतो दहा-पंधरा मिनिटांत, साबण आणि भरपूर पाण्याने. टेक्नू नावाचं तिथलं लोकप्रिय द्रावण 1961 साली रॉबर्ट स्मिथने बनवलं ते अणुस्फोटाची किरणोत्सारी धूळ अंगावरून काढायला. अणुयुद्ध झालं नाही, आणि बाटली वेलीच्या कामी आली.

वेल मात्र जोरात आहे. 2006 साली ड्यूक विद्यापीठाच्या जंगलात कार्बन डायऑक्साइड वाढवून केलेल्या प्रयोगात ती अधिक फोफावली, आणि तिच्या उरुशिऑलचा प्रकारही अधिक जहाल निघाला. या वर्षी आतेभावाने जुने हातमोजे पिशवीत बांधून टाकून दिले, कात्री स्पिरिटने पुसली आणि कुत्र्याला आंघोळ घातली. आत्याने फोनवर विचारलं, "आधी हाताला खोबरेल लावलंस का?" बिब्बे फोडणारे आपल्याकडे तेच करतात.